हयातीचा दाखला, विरार पश्चिम

रविवारच्या पेपरमधून एक गुळगुळीत कागद पडला. पांढऱ्या केसांचं एक जोडपं झाडाखालच्या बाकावर बसून खळखळून हसतंय, मागे समुद्र, आणि खाली ठळक अक्षरांत ‘सेवानिवृत्तांसाठी आदर्श वसाहत. विरार स्टेशनपासून 5 मिनिटं.’ पाच मिनिटं कशाने, ते लिहिलेलं नव्हतं. चित्रातला समुद्र पाहता बहुधा हेलिकॉप्टरने. हिने कागद उलटसुलट करून पाहिला. त्यावर पेन चालत नाही, म्हणून मेथी निवडायला घेतला.

मी मात्र त्या कागदाची बाजू घेणार आहे. लालबागची 10 बाय 12 ची खोली विकून आम्ही विरार पश्चिमेला आलो त्याला 11 वर्षं झाली. अनुभवाने सांगतो, कागदावर खोटं काही नाही. हे शहर सेवानिवृत्तांसाठीच आहे. नोकरीवाल्याला इथे राहणं परवडत नाही. पैसे असतात हो त्याच्याकडे, वेळ नसतो. इथे पाण्याला वेळ लागतो, गाडीला वेळ लागतो, कागदपत्रांना तर पिढी लागते. एवढा वेळ हाताशी असलेला माणूस म्हणजे पेन्शनर.

पाण्यापासून धरा. 2009 च्या जुलैत वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या 4 नगरपालिका आणि 53 गावं एकत्र करून महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत डोकी 12 लाखांच्या वर भरली. त्यानंतर किती वाढली, ते सकाळी सातला फलाटावर उभं राहिलं की समजतं. सूर्या धरणाच्या पाणीयोजनेत या शहराच्या वाट्याला रोजचं 185 दशलक्ष लिटर पाणी धरलेलं आहे. आमच्या टाकीतलं पाणी मात्र बांबूने मोजतात.

तिसऱ्या मजल्यावरचे काका रेल्वेच्या अकाउंट्समधून निवृत्त झाले. त्यांनी एका बांबूवर काकूंच्या नेलपॉलिशने दर सहा इंचांवर लाल रेघा मारल्या आहेत. पहाटे टाकीचं झाकण सरकवायचं, बांबू आत सोडायचा, वर काढायचा, ओल कुठवर आली ते चष्मा कपाळावर चढवून बघायचं आणि वहीत तारीख घालून लिहायचं. चौथ्या रेघेखाली ओल गेली की टँकर. वही 2016 पासूनची आहे आणि एका पानावर खाडाखोड नाही. ‘ऑफिसात एवढं चोख लिहिलं असतं तर प्रमोशन झालं असतं,’ हे काकूंचं मत.

टँकर आला की मी शिडीवरून वर चढतो, झाकण उघडून काठोकाठ भरलाय का बघतो आणि खाली आवाज देतो. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी मला मांडी घालून बसायला बंदी केली आहे. टँकरवर चढण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, कारण मी सांगितलेलं नाही. पण टँकरच्या दिवशी खाली जमणारी मंडळी बघावी. एरवी दारं लावून बसलेले सगळे उतरतात. कुणाचा मुलगा बंगळुरूहून कधी येणार, कुणाची साखर किती, कुणाच्या सुनेने काय म्हटलं, सगळं पाइप लावून होईपर्यंत बोलून होतं. चाळीत गॅलरी होती, इथे टँकर आहे.

गाडीचं म्हणाल तर विरारहून मुंबईला गाडी 1867 सालापासून जाते, आणि तिच्यात बसायला न मिळण्याची परंपराही बहुधा तितकीच जुनी. आम्ही विरारकर सुरुवातीच्या स्टेशनाचे, म्हणजे खिडकी आमची, अशी मुंबईकरांची समजूत असते. प्रत्यक्षात गाडी फलाटाला लागते तेव्हा नालासोपाऱ्याहून रिटर्न मारून आलेली मंडळी आत पाय पसरून पेपर वाचत असतात. अख्ख्या गाडीत ज्येष्ठांसाठी 14 जागा आहेत. आमच्या एकट्या इमारतीत ज्येष्ठ 19. सरकारचं आमच्यावर लक्ष नाही असं नाही. पंच्याहत्तरी झाली की 2022 पासून एसटी फुकट आहे. फक्त आम्ही राहतो रुळांच्या कडेला, आणि रेल्वेच्या लांबच्या गाड्यांमधली ज्येष्ठांची सवलत 2020 च्या मार्चमध्ये गेली ती गेलीच.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. हे काम 2014 पासून बोटाच्या ठशावर घरबसल्या होतं. पण 36 वर्षं फायली उलटून माझ्या बोटांवर रेघा उरलेल्या नाहीत, त्यामुळे यंत्राच्या मते मी नाही. मग फोर्टातली शाखा गाठावी लागते. गेल्या वर्षी खिडकीतल्या मुलीने विचारलं, ‘काका, कुठून आलात?’

‘विरारहून.’

‘उभ्याने?’

‘उभ्याने.’

तिने पुढे काही न विचारता शिक्का मारला.

आता घराकडे वळू. 2024 च्या मे महिन्यात महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श नियमावली काढली. दारं 900 मिलिमीटरपेक्षा अरुंद नकोत, व्हीलचेअर फिरली पाहिजे, न्हाणीघरात धरायला दांडे हवेत, निदान एका लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावलं पाहिजे. वाचून इतकं बरं वाटलं की मी हिची शिलाईची टेप काढली. 900 मिलिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच. आमच्या बाथरूमचं दार 24 भरलं. आमची इमारत नियमावलीच्या आधीची, त्यामुळे दाराचा काही दोष नाही, दोष पोटाचा. मी तिरका शिरतो. मग लिफ्ट. आत पाटी आहे, ‘4 व्यक्ती, 272 किलो’. स्ट्रेचर न्यायचं झालं तर उभंच करावं लागेल. म्हणजे विरारकराचा शेवटचा प्रवासही उभ्याने.

लिफ्ट बंद पडली की जिने. जीवदानीच्या हजाराच्या वर पायऱ्या चढायला मला मनाई आहे. देवीने स्वतः त्यासाठी रोपवेची सोय करून घेतली, आमच्या कमिटीचा तेवढा वशिला नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यात सांगण्यासारखंच झालं आहे. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम 1737 ला सुरू झाली आणि 1739 च्या मे महिन्यात किल्ला ताब्यात आला. आमच्या सोसायटीची कन्व्हेयन्सची मोहीम 11 वर्षं चालू आहे आणि जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. पोर्तुगीज निदान तहाला बसले होते, आमचा बिल्डर फोन उचलत नाही. 2025 च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यातल्या 41 अनधिकृत इमारतींचं पाडकाम पूर्ण झालं, त्या संध्याकाळी आमचा कट्टा साडेसहालाच उठला. प्रत्येकाने घरी जाऊन कपाटातली फाइल काढली, भोगवटा प्रमाणपत्र आहे ना ते पाहिलं आणि पुन्हा साड्यांखाली ठेवलं. झेरॉक्स निघाली तर झेरॉक्सवर समाधान मानलं. या विषयावर मला विनोद सुचत नाही.

मग राहता कशाला, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर आठवड्यातून तीनदा सकाळी आठला फाटकाशी येतं. आगाशीकडून एक मावशी येते. टोपलीत वाडीतली पालेभाजी, अळूच्या जुड्या, चवळीच्या शेंगा, वर ओल्या फडक्यात सोनचाफा. थंडी सरली की सुक्या केळीच्या पानात घट्ट बांधलेली सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, मधाच्या रंगाची होतात, हाताला चिकटतात. लालबागला असताना मी सुकेळी फक्त ऐकून होतो. मावशी भाव कमी करत नाही, पण हिला चाफ्याचं एक फूल जास्त देते आणि ‘काकांचा खोकला गेला का’ विचारते. मला खोकला झाला होता हे मुलाला माहीत नव्हतं.

या वाड्या आपोआप उरलेल्या नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीची माणसं सिमेंटच्या विरोधात रस्त्यावर उतरली, म्हणून पश्चिमेकडे अजून विहिरी, केळी आणि माडांची सावली आहे. त्या आंदोलनाचं सगळं पुण्य बिल्डरांनी ‘निसर्गरम्य’ या एका शब्दात लावून चौरस फुटाच्या दरात वसूल केलं. कागदावर जे झाड दाखवलंय ते बिल्डरने लावलेलं नाही, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं.

संध्याकाळी अर्नाळ्याला गेलं की वारा फुकट आहे. जाळी सुकत घातलेली असतात, म्हाताऱ्या कोळणी मासळी उन्हातून उचलत असतात, आणि समोर किल्ल्याचं बेट हळूहळू काळं होत जातं. तिथे मी एकदा हिला म्हटलं, लालबागची खोली विकायला नको होती. ती म्हणाली, ‘तिथून सूर्य कधी दिसला होता तुम्हाला?’ तेही खरं. परतीची रिक्षा मिळायला पाऊण तास लागला, पण मी आधीच म्हटलं, वेळ भरपूर आहे.

परवा गिरगावातल्या जुन्या मित्राचा फोन आला. त्याच्याही पेपरमध्ये तोच कागद निघाला होता. दलालाने त्याला डिसेंबरातल्या रविवारी सकाळी दहाला घर दाखवायला बोलावलं आहे. डिसेंबरात इथली हवा गोड असते, रस्ते कोरडे असतात आणि रविवारी गाडीत बसायला मिळतं. मी त्याला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढलं आणि गाड्या थांबल्या होत्या. घर बघायला जुलैतच या, मोठ्या भरतीच्या दिवशी, कामाच्या वारी, संध्याकाळी साडेसहाला दादरहून विरार लोकल पकडून. आवडलं तर खुशाल घ्या. येताना टेप आणायची गरज नाही, हिची आहे.