आमच्या बचत गटाच्या सर्वांत मोठ्या कर्जदारास

प्रति,
मा. खरेदी विभागप्रमुख साहेब,
चाकण औद्योगिक क्षेत्र.
(कंपनीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. हे पत्र वाचून बरेच साहेब दचकतील. एकाचंच नाव घालून बाकीच्यांचा हिरमोड कशाला करायचा?)

विषय : आपण आमच्याकडून घेतलेल्या बिनव्याजी कर्जाबाबत.
संदर्भ : २५० गोधड्या.

महोदय,

चाकणच्या मेदनकरवाडीत आमचा पंधरा बायकांचा बचत गट आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला बैठक, शेकडा दोन रुपये व्याज आणि हप्त्याला उशीर झाला तर दहा रुपये दंड. आजवर या गटाने शिलाई मशीनसाठी, एका मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी आणि एकदा म्हशीसाठी कर्ज दिलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला कर्ज द्यायची वेळ आपल्यावर येईल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तो मान आपण मिळवून दिलात.

आठवण करून देते. मी घरातून ऑनलाइन दुकान चालवते. हाताने शिवलेल्या गोधड्या, बुरुडांनी विणलेल्या टोपल्या, पुण्याच्या तांबट आळीतली मठारकाम केलेली तांब्याची भांडी. प्रत्येक वस्तूखाली ती कुणी केली आणि करणाऱ्याला किती मजुरी मिळाली, हे लिहिलेलं असतं. मजुरी देण्याचा नियमही एकच : वस्तू माझ्या हातात आली की त्याच दिवशी पैसे. २०२४च्या ऑगस्टमध्ये आपल्या एचआरच्या मॅडमना हे सगळं फार ‘एथिकल’ वाटलं. या दिवाळीला कर्मचाऱ्यांना प्लास्टिकचे डबे नकोत, माणुसकीची ऊब देऊ या, असं त्या फोनवर म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी फोन आपल्याकडे दिला आणि ते वाळलं.

मी छोट्या गोधडीला १,७५० रुपये सांगितले. आपण म्हणालात, पानिपतहून ४२० ला येते. साहेब, मराठी माणसाला घासाघीस करताना पानिपताचं नाव काढून घाबरवणं याला खरंच प्रतिभा लागते. पानिपतची ती गोधडी मशीनवर शिवलेली असते, आमच्या बाईला एका गोधडीला चार दिवस लागतात, हे मी सांगून पाहिलं. आपण विचारलंत, “सायकल टाइम कमी करता येणार नाही का?” शेवटी १,४०० वर मांडवली झाली. त्यातले ८०० शिवणारीचे. ते कमी होणार नव्हते, म्हणून कमी झालं ते माझं.

मग आला आपला पुरवठादार आचारसंहितेचा फॉर्म. एकतीस पानं. बालमजूर आहेत का? सक्तीची मजुरी? आग लागली तर बाहेर पडायचे मार्ग किती? (एक. घराचं दार.) आपल्या उत्पादनात संघर्षग्रस्त प्रदेशांतून आलेलं कथील, टॅन्टलम, टंगस्टन वा सोनं आहे का? आम्ही सगळ्याजणींनी सुया उजेडात धरून पाहिल्या. सोनं कुणाच्याच सुईत सापडलं नाही. असतं तर आपली ऑर्डर घेतलीच नसती. एका रकान्यात विचारलं होतं : “आपण आपल्या कामगारांना वेळेवर वेतन देता का? पुरावा जोडा.” मी पुरावा जोडला. हाच प्रश्न उलट दिशेने विचारायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. छपाईत राहून गेला असेल.

१५ ऑक्टोबरला छोट्या हत्तीत गोधड्या भरून आम्ही दोघी निघालो. तळेगाव चौकात दीड तास गेला. त्याला आपण जबाबदार नाही, तिथे सगळं चाकणच अडकलेलं असतं. आपल्या गेटवर मात्र आणखी तीन तास गेले, कारण माझ्यासोबतच्या मावशींच्या पायात सेफ्टी शूज नव्हते. गोधडी पायावर पडून हाड मोडल्याची नोंद कुठे असेल तर कळवावी. मग आपले क्वालिटीवाले आले, व्हर्नियर घेऊन. दोन टाक्यांमधलं अंतर मोजलं. अठरा गोधड्या ‘रंगांत सातत्य नाही’ म्हणून रिजेक्ट केल्या. साहेब, गोधडी जुन्या लुगड्यांची असते. कुणाच्या सासूचं हिरवं आणि कुणाच्या आजीचं हिरवं यांत सातत्य नसतंच. ते सासू-सुनेतही नसतं. अठरांची डेबिट नोट आली. परत आल्या सोळा. उरलेल्या दोन कुणाच्या तरी घरी असतील, रंगांत सातत्य नसतानाही ऊब देत.

आता कर्जाकडे येते. शिवणाऱ्या बावीस जणी, मजुरी दोन लाख. माझ्याकडे ऐंशी हजार होते. आपल्या खरेदी ऑर्डरवर (पी.ओ.वर) ९० दिवसांची मुदत छापलेली, आणि माझा नियम त्याच दिवशीचा. दिवाळी तोंडावर. मी बचत गटात गेले आणि एक लाख वीस हजार कर्ज मागितलं. शिवणाऱ्यांतल्या बहुतेकजणी त्याच गटातल्या. म्हणजे काय झालं ते नीट लक्षात घ्या : त्यांनी महिनामहिना शंभर-शंभर करून साठवलेल्या पैशांतून मला कर्ज दिलं, ते पैसे मी त्यांनाच मजुरी म्हणून दिले, आणि त्यांची खरी मजुरी आपल्या खात्यात सुखाने निजून राहिली. गटाच्या वहीत कर्जदार म्हणून माझं नाव आहे. पण पैसे कुणाकडे होते? अध्यक्षबाईंनी पेन्सिलीने समासात लिहून ठेवलंय : “कंपनी”.

हे मला नवीन नव्हतं. माझे वडील भोसरीत एका शेडमध्ये दोन लेथ चालवायचे. लहानपणी आमच्या घरात “पार्टीचं पेमेंट आलं की” हे एक वेगळंच ऋतुमान होतं. सायकल, सहल, आईचं ऑपरेशन, सगळं त्या ऋतूत. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवडचं नाव देशभर झालं. उद्योगनगरी मोठ्या कंपन्यांनी उभारली म्हणतात. खरंच आहे. पण त्या मोठ्या कंपन्यांना महिनोन्‌महिने उधार माल देत सांभाळलं भोसरीतल्या शेडांनी, त्याचा पुतळा कुठल्याच चौकात नाही. लाइनवर माल मिनिटाच्या हिशोबाने लागतो, त्याला आपण ‘जस्ट इन टाइम’ म्हणता. पैशाला मात्र ‘सिस्टीममध्ये आहे’ म्हणता. नोव्हेंबरात जीआरएन, म्हणजे माल पोचल्याची नोंद, निघाला नव्हता, डिसेंबरात सही करणारे साहेब ऑडिटमध्ये होते, जानेवारीत पोर्टल बदललं, फेब्रुवारीत आपण माझा फोन उचलणं बंद केलंत. निदान त्या एका बाबतीत सातत्य आलं.

कायदा मला माहीत आहे, साहेब. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे माझ्यासारखीचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, पी.ओ.वर ९० छापलं म्हणून ४५ चे ९० होत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने व्याज. माझ्या बिलावर ते वीस हजारांच्या वर जातं. आपल्या अकाउंट्सवाल्यांनी एकदा शेंडी लावून पाहिली, “मॅडम, तुम्ही तर ट्रेडर, तुम्हाला हे लागू नाही.” कापड माझं, कटिंग माझं, शिलाई मजुरी देऊन करून घेतलेली आणि उद्यम नोंदणी उत्पादक म्हणून. पुढचा फोन आला नाही. २०१७मध्ये तक्रारीसाठी ‘समाधान’ नावाचं सरकारी पोर्टलही निघालं. तक्रार केली तर व्याज मिळेल आणि व्हेंडर कोड जाईल, हे आपल्याला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आपल्याला हे माहीत आहे हेही मला माहीत आहे.

आणि मग २८ मार्च २०२५ रोजी, १६४व्या दिवशी, पैसे आले! बैठकीत पेढे वाटले. एक मावशी म्हणाल्या, “बघा, साहेबांच्या मनात देव जागा झाला.” मी सीएला विचारलं. तो म्हणाला, देव नाही, ४३ब (ह). छोट्या उत्पादकाचं मुदत टळलेलं बिल ३१ मार्चपर्यंत चुकतं केलं नाही, तर तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा मिळत नाही. २०२३च्या वित्त कायद्याने घातलेलं कलम. मी मावशींना काही सांगितलं नाही. देवाचं नाव एवढं अवघड असेल तर कशाला?

व्याज अर्थातच आलं नाही. गटाला मी सहा महिन्यांचं १४,४०० भरलं. आपला वार्षिक अहवाल मात्र आला. पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना सेबीने शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केलाय, त्यात लहान उत्पादकांकडून किती खरेदी केली तेही लिहावं लागतं. त्या पानावर आमच्या आणखी एका मावशींचा फोटो आहे, हातात गोधडी, खाली ‘महिला सक्षमीकरण’. फोटो माझ्या दुकानाच्या पानावरून उचललाय, विचारलं नाहीत. राग नाही. मी तो त्या मावशींना दाखवला. त्यांनी फोटो नाही, पानावरचं कंपनीचं नाव पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, हा तर आमच्या ह्यांच्या कंपनीचा कागद!”

त्यांचे यजमान आपल्याच लाइनवर आहेत, सात वर्षं, ठेकेदाराकडून. गोधड्या कायम कर्मचाऱ्यांसाठी होत्या. कंत्राटी माणसांना सोनपापडीचा डबा मिळाला. वाटप झालं त्या रात्री त्यांनी बायकोला सांगितलं होतं, गेटवर गोधड्या वाटत होते, हुबेहूब तू शिवतेस तशा.

तर साहेब, एवढं नातं जुळल्यावर आपण गटाचे रीतसर सदस्य व्हावं, असा ठराव पाच तारखेच्या बैठकीत झाला आहे. महिन्याला शंभर रुपये बचत. आचारसंहितेचा फॉर्म नाही, सेफ्टी शूज लागत नाहीत. अट एकच : पैसे ठरल्या तारखेला. मागच्या महिन्यात एकीला पोराला दवाखान्यात न्यावं लागलं, हप्ता एक दिवस उशिरा आला. तिने न सांगता दहा रुपये दंड ठेवला.

कायद्याचे ४५ सोडून आपले एकशे एकोणीस दिवस होतात. दिवसाला दहाप्रमाणे अकराशे नव्वद. सुटे आणावेत.

आपली विश्वासू,
व्हेंडर कोड (अद्याप चालू)