रात्रपाळीचा मासा

गोल्डफिशला पापण्या नसतात, हे आमच्या सौभाग्यवतींना समजायला एक रात्र घाबरावं लागलं. क्रॉफर्ड मार्केटातून आणलेला मासा तळाशी, तोंड किंचित खाली करून एका जागी लटकलेला. रंग फिका, डोळे सताड उघडे. "अहो, गेला वाटतं!" म्हणत तिने टॉर्च मारला. मासा दचकून काचेवर आपटला. गाढ झोपेतून असं उठवलं असतं तर मी यापेक्षा जास्त बोललो असतो.

गोल्डफिश झोपतो तो असाच. अंधार झाला की रंगसुद्धा जरा उतरतो. उजाडलं की पुन्हा चढतो. फक्त त्याला अंधार लागतो, आणि आमच्या हॉलमध्ये तोच मिळत नाही. ट्यूबलाइटखाली पालीची किड्यांवर नजर, आणि त्याच उजेडात चिरंजीवांचा 'अभ्यास'. पालीलाही पापण्या नाहीत, ती जिभेने डोळे पुसते. चिरंजीव डोळे चोळतात.

"बाबा, मी निशाचर आहे," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मी त्याला वटवाघळाचा दाखला दिला. अमेरिकेतलं छोटं तपकिरी वटवाघूळ चोवीसातले जवळजवळ वीस तास झोपतं. खरा निशाचर झोपेची उधारी ठेवत नाही! त्यातलं 'वीस तास' तेवढं त्याने उचललं, आणि रविवारी आचरणातही आणलं.

गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची, ही कोणीतरी उठवलेली कंडी. खाण्याची वेळ आणि जागा तो पक्की ध्यानात ठेवतो, शिकलेलं महिनोन्‌महिने विसरत नाही. खायला रात्री मिळू लागलं, तर दिवसाचा हा प्राणी आपली वर्दळ रात्रीवर नेतो. मला हे कळलं ते रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तेव्हा. चिरंजीव मॅगी खात होते आणि दर दोन घासांमागे टाकीत चिमूटभर दाणे सोडत होते. मासा पृष्ठभागाशी तोंड उघडून हजर!

सकाळी सातला मी दाण्यांची डबी वाजवली. मासा तळाशी, ढिम्म. काचेवर टिचकी मारणार, तोच टीव्हीसमोरच्या आरामखुर्चीतून आबा खेकसले, "उठवू नकोस रे त्याला, आत्ता कुठे डोळा लागलाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"अरे, डोळे उघडे आहेत की!"