मऊ टॉवेल आणि जड पाणी

राहुरीत पांढरी गाडी घ्यायला बँक मदत करते; ती पांढरी ठेवायला कोणी करत नाही. नगर-मनमाड रस्ता, उसाच्या ट्रॉल्या आणि चैत्रातला वारा ह्यांबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? मागच्या महिन्यात दारात उभ्या असलेल्या माझ्या गाडीच्या काचेवर कोणीतरी बोटाने 'ॐ साईराम' लिहून गेलं. शिर्डीहून शिंगणापूरला निघालेले भाविक असावेत. शिंगणापुरात घरांना दारं नसतात. आमच्याकडे दारं आहेत, पण धुळीने ती कधी मानली नाहीत.

गाडीची ही दशा मुलाने व्हिडिओ कॉलवर पाहिली आणि पुण्याहून बारा मायक्रोफायबर टॉवेल पाठवले. इतके मऊ, की एक मी गालावर फिरवून पाहिला, आणि मग आजूबाजूला कोणी नाही ना, तेही पाहिलं.

"बाबा, धुवायची पद्धत वेगळी असते त्यांची. सांगून ठेवू का?" मुलाने विचारलं.

मी नुसता हसलो. कृषी खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस मी. 'पंप अर्धा तास चालू द्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग नमुना भरा, वर गट नंबर लिहा,' हे मी झोपेतही म्हणतो, असं बायको सांगते. अजून आठवडे बाजारात लोक 'भाऊसाहेब' म्हणून हाक मारतात. सूचना भाऊसाहेबांनी द्यायच्या असतात, घ्यायच्या नसतात.

तरी धुण्याआधी मी अभ्यास केला. धुण्यापेक्षा तो सोपा. १९७० साली जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो ह्यांनी केसाहून कितीतरी बारीक धाग्याचं, कातड्याची नक्कल करणारं मऊ कापड केलं. माझे टॉवेल त्यांच्याच दूरच्या नात्यातले. धाग्याची बारीकी डेनियरमध्ये मोजतात: ९,००० मीटर धाग्याचं वजन १ ग्रॅम भरलं, तर तो १ डेनियर. मायक्रोफायबर त्याहूनही बारीक. म्हणजे राहुरीपासून नगरपर्यंत, ३५-३६ किलोमीटर, असा एक तंतू टाकत नेला तरी त्याचं वजन चार ग्रॅमसुद्धा भरायचं नाही. साखरेच्या मुलखातले आम्ही, एवढी साखर तर चहात वरून घालून घेतो. ह्या तंतूत पॉलिएस्टर आणि नायलॉन एकत्र असतात आणि तो संत्र्याच्या फोडींसारखा चिरलेला असतो. फोडींच्या फटींत पाणी शिरतं, कडांना धूळ अडकते. सगळं मला समजलं होतं. टॉवेल मात्र धुवायचे राहिले होते.

पहिल्या खेपेला मी ते जुन्या बनियनांबरोबर मशीनमध्ये टाकले. कुसळांनी धोतर धरावं तसा टॉवेलांनी बनियनांचा सगळा भुसकट कापूस धरला. गाडी पुसली तर गाडीला लव फुटली.

दुसऱ्या खेपेला सुगंधी सॉफ्टनर ओतला. मऊ वस्तू मऊ ठेवायला मऊ करणारं औषध. ह्या तर्कात चूक दाखवा! टॉवेल लोण्यासारखे झाले, पण पाणी पुसेनात. बॉनेटवरचं पाणी ह्या कडेहून त्या कडेला नुसतं हाकलू लागले. सॉफ्टनर तंतूवर साय धरतो आणि फोडींच्या फटी बुजतात, हे मागाहून वाचलं. ते मी बायकोला समजावून सांगितलं, "बाहेरून मऊ लागतं, पण आत काही शिरत नाही." ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "सॉफ्टनरबद्दलच बोलताय ना?"

तिसरी चूक माझ्या कारकिर्दीला काळिमा फासणारी. पाणी वाया घालवू नका, असं मी गावोगाव ओरडत आलोय. तेव्हा घरातल्या आरओ फिल्टरच्या नळीतून वाहून जाणारं पाणी मी दोन दिवस बादलीत धरलं, त्यात टॉवेल भिजवले, साबणाच्या वडीने घासले आणि भर दुपारी गच्चीवर, कुरडयांच्या शेजारी वाळत घातले. संध्याकाळी एक टॉवेल कोपऱ्याला धरून उचलला. तो वाकला नाही.

बायकोने बोटाने वाजवून पाहिला. "कुठलं पाणी घेतलंत?"

"फिल्टरचं."

"गाळलेलं, की टाकलेलं?"

मी गप्प.

"अहो, बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आपण फिल्टर घेतला. त्याने जो खार बाहेर टाकला, तो तुम्ही बादलीत धरून ठेवलात!"

जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली, की फेस होत नाही, साका धरतो आणि तो कापडात बसतो. हे मी पस्तीस वर्षं फलकावर आकृती काढून सांगितलं. तिने ते डाळीवर भागवलं.

कापडाची जात ओळखायला आमच्या आईला तर डाळीचीही गरज पडली नसती. तिच्या राज्यात कापड मरत नसे, त्याची बदली होई. सोलापुरी टॉवेल घरात येई तो थेट वडिलांच्या खांद्यावर, वर्ग एकचा अधिकारी म्हणून. दोन वर्षांनी मुलांच्या अंघोळीला. मधोमध विरला, की हातपुसणं होऊन मोरीजवळच्या खिळ्यावर. तिथून चुलीपाशी मसोतं. दिवसभर तापली पातेली उतरवायची आणि शिव्या खायच्या. मग उंबऱ्यात पायपुसणं. आणि अगदी शेवटी सारवणाचं पोतेरं. पोतेऱ्याला पेन्शन नव्हती. एखाद्याने मधली पायरी गाळून चांगल्या टॉवेलाला पाय पुसले, तर आई अशी बघायची, की जणू त्याने तहसीलदाराला पाणी भरायला लावलं.

लुगड्याची सेवा मात्र वेगळी. ते खालच्या पायरीला उतरत नसे, जुनं होईल तसा त्याचा मान वाढे. नवं लुगडं खळीने असं कडक, की आई चालली तर आवाज व्हायचा. मग ते वर्षानुवर्षं मुळेच्या पात्रात दगडावर आपटलं जाई. तेव्हा मुळेला पाणी असायचं. शेवटी ते इतकं मऊ होई, की भावकीत कुठे बाळ जन्मलं, की आमच्याकडे निरोप यायचा, "वहिनी, एखादं जुनं लुगडं आहे का?" त्याची दुपटी व्हायची, लंगोट व्हायचे, आणि उरल्यासुरल्याची गोधडी. अशी एक गोधडी अजून माझ्या पायथ्याशी असते. सुती कापड जन्मतं कडक आणि जातं मऊ होऊन. माझे टॉवेल मऊ जन्मले आणि महिन्याभरात पापड झाले. नोकरदार माणसांतही हे दोन प्रकार असतात. मी कुठल्यातला, हे ठरवायला आता वेळ भरपूर आहे, धीर नाही.

टॉवेलांची दुरुस्ती बायकोने हातात घेतली. गाळलेलं पाणी, तेही कोमट. त्यात लिंबं पिळली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'साई शरबती'चं झाड परसात मी लावलंय. ह्या कामातला माझा वाटा तेवढाच. आंबटाने क्षार कसे सुटतात, हे मी शेजारी उभा राहून सांगत होतो. ती ऐकत नव्हती. तासाभराने तिने टॉवेल चुबकले, न पिळता दाबून पाणी काढलं आणि सावलीत नेऊन एकेक झटकायला लागली. मऊपणा ह्या झटकण्यात असतो, धागे एकमेकांना चिकटून वाळत नाहीत.

चौथ्या-पाचव्या टॉवेलाला ती थांबली. "अंगावर काटा येतो, बाई, ह्याला धरलं की. घ्या, तुम्हीच झटका."

बोटांच्या भेगांत ते बारीक तंतू अडकत होते. ती हात सोडवायची, तर टॉवेल सोडेना. मी घेतला. माझ्या तळव्यावरून तो रेशमासारखा घसरला. अडकायला तिथे काही नव्हतंच. पस्तीस वर्षं मी ह्या तालुक्यातलं पाणी बाटल्यांत भरून तपासायला पाठवत होतो. त्याच पाण्यात तितकीच वर्षं हिचे हात होते. त्यांचा नमुना मी कधी घेतला नाही.

दोघं थोडा वेळ काही बोललो नाही. मग तिने पिवळा टॉवेल बाजूला काढला आणि म्हणाली, "हा ओट्याला राहू द्या." महिन्याभरातच पहिली बदली झाली.

तेव्हापासून टॉवेल मी धुतो. गोड पाणी, लिंबू, सावली, झटकणं, सगळं शिस्तीत. आल्यागेल्याला हात लावून बघायला सांगतो. मऊ आहेत, अगदी पहिल्यासारखे. उरलेलं सगळं धुणं अजून तिच्याकडेच आहे, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.