बाप्पा आणि मुळा

जपानमध्ये हॉटेलात शिरण्याआधीच जेवण बघून होतं. दाराशी काचेच्या कपाटात आत मिळणारा एकूणएक पदार्थ मांडलेला असतो. नूडल्सचा वाडगा, त्यावर कापलेलं अंडं, बिअरच्या ग्लासावरचा फेससुद्धा. सगळं नकली. पूर्वी हे मेणाचं करत, आता प्लास्टिकचं. १९३२ साली इवासाकी ताकिझो या गृहस्थांनी ओसाकात याचा रीतसर धंदा सुरू केला, आणि गुजो-हाचिमान या त्यांच्या गावी आजही ही खोटी जेवणं बनतात. भाषा न येणाऱ्यावर या कपाटाचे थोर उपकार आहेत. वेटरला खुणेनं बाहेर बोलवायचं आणि बोट दाखवायचं.

गोम एवढीच, की काचेतून रश्श्यातलं दिसत नाही. बायको शाकाहारी. ती निरखून निरखून नुसत्या भाजीच्या नूडल्स निवडणार, आणि त्यांच्या रश्श्यात वाळवून धुरी दिलेल्या माशाचा अर्क असणार. ‘मासा नको’ म्हटल्यावर स्वयंपाकी मनापासून मान डोलावतो. तो खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी तो मासा नव्हेच, ती चव.

पोटाच्या बाबतीत इतका उघडा कारभार करणारा हा देश देवाच्या बाबतीत मात्र फार झाकपाक करतो. तोक्योतल्या आसाकुसा भागात सेन्सोजी हे प्रचंड गर्दीचं देऊळ आहे. ६२८ साली सुमिदा नदीत दोन भावांच्या जाळ्यात कान्नोन या देवतेची मूर्ती सापडली, अशी कथा. ती मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत. लोक नाणं टाकतात, हात जोडतात आणि दुकानांकडे वळतात. मुखदर्शन की पदस्पर्श, हा प्रश्नच नाही. तासन्‌तास रांगेत उभं राहून दोन सेकंदांच्या दर्शनावर वर्षभर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला जड गेलं. शंभर येनला मिळणारं भविष्य मात्र फार आवडलं. डबा हलवायचा, काडीवरच्या आकड्याचा खण उघडायचा, चिठ्ठी घ्यायची. वाईट निघाली (आणि इथे ती बऱ्याचदा निघते) तर तिथल्याच तारेला बांधून मोकळं व्हायचं. ना शांत, ना होम, ना दक्षिणा.

तिथून दहा-पंधरा मिनिटांवर असलेल्या, नदीजवळच्या एका टेकाडाकडे माझा खरा ओढा होता. मात्सुचियामा शोदेन. इथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. बौद्ध धर्माचं बोट धरून इतक्या लांब आलेला. तोही बंद दाराआड. पण भेटीला आल्यासारखं वाटलं खरं. जिकडेतिकडे मुळे! पायऱ्यांवर कोरलेले मुळे, कंदिलांवर मुळे, आणि देवापुढे हातभर लांबीच्या पांढऱ्याशुभ्र खऱ्या मुळ्यांची रास. मुळा म्हणजे निरोगी शरीर आणि घरातला सलोखा; शेजारी कोरलेली पैशांची थैली म्हणजे धंद्यात बरकत. दूर्वा नाहीत, जास्वंद नाही. एकवीस मोदकांची सवय असलेल्या देवाचं इथे कसं निभलं असेल, या विचारानं मला भरून आलं.

काळजीचं कारण नव्हतं, हे पुढे क्योतोत कळलं. १६१७ पासूनच्या कामेया कियोनागा या मिठाईच्या दुकानात कांगितेनच्या नैवेद्याचा पदार्थ मिळतो: वर चुण्या घालून मिटलेली पुरचुंडी, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण, त्यात सुवासिक द्रव्यं, आणि तिळाच्या तेलात खरपूस तळलेली. दाताखाली कडक, आत मऊ, वास उदबत्तीसारखा. बायकोनं एक तोडून बघितला आणि निकाल दिला, ‘तळणीचा मोदकच आहे. पाकळ्या मात्र आपल्या कामवाल्या बाईसुद्धा बऱ्या काढतात.’

क्योतोची गोष्ट नंतरची. मात्सुचियामाला देवापुढून उतरवलेले मुळे प्रसाद म्हणून भक्तांना देतात. आम्हालाही एक मिळाला. पेढा तोंडात टाकता येतो. हातभर मुळ्याचं प्रवासात काय करायचं? प्रसाद टाकायचा नाही, हे तर ठरलेलंच. बायको तडक काप्पाबाशीला निघाली. स्वयंपाकाच्या भांड्यांची ती अख्खी गल्ली आसाकुसापासून चालत जाण्याजोगी. तिथे तिनं तांब्याची किसणी घेतली, जी माझ्या चपलांपेक्षा महाग होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून दही आणलं, बॅगेतून दाण्याची चटणी निघाली. जपानी किसणीवर मुळ्याचा कीस पडत नाही, लगदाच होतो. खोलीतल्या चहाच्या कपात तो कालवून तिनं माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘कोशिंबीर म्हणून खा. यात मासा नाही, एवढं मी सांगते.’