मागच्या दाराने आलेला भाडेकरू

"तुमच्याकडे भाडेकरूची भानगड चाललीय का हो?" मामींनी सकाळीच शेवग्याखाली उभं राहून विचारलं. हातात कॉफीचा डबरा-टंबलर. "रात्री ऐकलं मी. जुना निघायच्या आतच नवा मागच्या दाराने शिरतो म्हणे. पोलिसात कळवलंत का?"

मामी तंजावरकर मराठी. पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग इकडे आले, असं सांगतात. गोविंदपुरम्‌ला विठोबाच्या ओढीने येऊन राहिलो तेव्हा कुंपणापलीकडे मराठी शेजार मिळाला म्हणून मी हरखले होते. तमिळ शेजार असता तर निदान घरातलं घरात राहिलं असतं!

"अहो मामी, भाडेकरू कुठला? भाचीचा अभ्यास चाललाय. ऑरगॅनिक."

भाची सोलापूरची. बी. फार्मसीला जायचंय, म्हणून एमएचटी-सीईटी. घरी पाहुण्यांची वर्दळ, म्हणून आईने इकडे पाठवलेली. क्लासवाल्यांनी तिच्या हातात नावांची यादी दिलीय: सँडमायर, गॅटरमन, रोझेनमुंड, कॅनिझारो. लग्नातल्या पाहुण्यांची यादी असावी तशी, पण कोण कोणाचा कोण, ते नाही. मग पाठ होणार कसं? चार दिवस रडली. शेवटी मीच म्हटलं, अगं, गावातल्या भानगडी कशा सांगतो तसं सांग बघू.

तर तो भाडेकरू म्हणजे ब्रोमीन, आणि घर म्हणजे कार्बन. एसएन टू अभिक्रियेत नवा मागून शिरतो आणि त्याच धक्क्याने जुना पुढून बाहेर. या ढकलाढकलीत घर वाऱ्यात छत्री उलटावी तसं उलटं होतं. एसएन वन मध्ये जुना आधी निघून जातो, घर थोडा वेळ रिकामं, मग नवा पुढून येवो की मागून.

"पण हे ठरवतं कोण?" मामींनी टंबलर कुंपणाच्या खांबावर ठेवला. म्हणजे आता तासभर हलणार नाहीत.

"घरातली गर्दी. कार्बनला तीन कार्बन चिकटलेले असले की मागून शिरायला जागाच नाही."

"आमच्या तिघा दिरांच्या घरासारखं! मागच्या अंगणात कायम कोणीतरी बसलेलं. चोरसुद्धा आला नाही कधी."

भाचीने खिडकीतून हे ऐकलं आणि वहीत लिहून घेतलं. टर्शरी म्हटलं की तिला आता मामींचे दीर आठवतात.

मार्कोव्हनिकोव्हचा नियम तर मामींना सांगावाच लागला नाही. दुहेरी बंधाच्या ज्या कार्बनकडे हायड्रोजन आधीच जास्त, नवा हायड्रोजन त्याच्याकडेच जातो. "पैशाकडे पैसा," मामी म्हणाल्या, "त्यात रशियन माणसाने काय शोधलं?" पण पेरॉक्साइड मधे पडलं की उलटं होतं, हे खराश आणि मेयो यांनी 1933 मध्ये दाखवलं. तेही फक्त हायड्रोजन ब्रोमाइडच्या बाबतीत. क्लोराइड, आयोडाइड जुन्याच वळणावर. परीक्षेत नेमकं इथेच पकडतात.

कॅनिझारोवर मामी जोरात हसल्या. अल्फा हायड्रोजन नसलेले दोन अल्डिहाइड तीव्र अल्कलीच्या तावडीत सापडले की एकाचं आम्ल होतं, दुसऱ्याचं अल्कोहोल. "एक आंबट, एक दारुडा! आमच्या चुलत घराण्यात…" पुढचं मी छापत नाही.

मग त्या आत गेल्या आणि मामांच्या वेळची अ‍ॅस्पिरिनची बाटली घेऊन आल्या. "फार्मसी शिकतेय ना, मग सांग, ही चालेल का?" भाचीने झाकण उघडून नाकाशी नेलं. व्हिनेगरचा वास! इथल्या दमट हवेतलं पाणी गोळ्यांत शिरलं, एस्टरचं बंधन तुटलं, एकीकडे सॅलिसिलिक आम्ल, दुसरीकडे अ‍ॅसेटिक. 1897 मध्ये हॉफमनने जे जोडलं, ते या बाटलीत सुटून गेलं होतं. एस्टरचं जलापघटन वहीत तीनदा लिहूनही डोक्यात गेलं नव्हतं, ते नाकातून गेलं. बाटली केराच्या टोपलीत गेली. मामींना जरा वाईट वाटलं.

"पण आमच्याकडे बारावीच्या गुणांवरच देतात फार्मसीला," मामी जाता जाता म्हणाल्या. खरंच आहे. तमिळनाडूने 2006 च्या कायद्याने राज्याची प्रवेश परीक्षाच काढून टाकली. भाचीचा चेहरा पडला. तिला दोनशे गुणांचा पेपर आहे. त्यात रसायनशास्त्राचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी एक गुण. चुकलं तर गुण कापत नाहीत, एवढाच दिलासा. म्हणून मी तिला सांगितलंय, एकही प्रश्न सोडू नकोस.

अमाइन्स अजून राहिलेत. मामी उद्या भाजी चिरायला कुंपणापाशीच बसणार आहेत.