रणगाडा दिसलाच पाहिजे

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कुठल्याही पदावर नसताना सगळं ठरवणारे साउंडवाले भाऊ,
युद्धपट निवड समिती,
आमच्या गल्लीचं गणेश मंडळ, लातूर.

विषय : मुक्तिदिनानिमित्त 'बॉर्डर' पुन्हा एकदा दाखवण्याच्या धाडसी निर्णयाबद्दल अभिनंदन.

महोदय,

सप्रेम नमस्कार वि. वि.

17 सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मंडपासमोर पडदा बांधून 'सर्वांचा आवडता क्लासिक युद्धपट' दाखवायचा. त्यासाठी घरोघरी नावं मागवायची, बैठक बोलवायची, चहा पाजायचा आणि मग गेल्या वर्षीचाच सिनेमा लावायचा, या लोकशाही पद्धतीनं मी भारावून गेलो आहे. मी मूळचा नांदेडचा, आता लातूरकर. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत आणि भाजी कुणाच्या आवडीची होणार तेही त्यावरच ठरतं. पण 'बॉर्डर'वर तुम्ही दोन्ही जिल्ह्यांचं एकमत घडवलंत. इतक्या वर्षांत हे एकाही सरकारला जमलेलं नाही.

तुमचे निकष मी बैठकीत मागच्या खुर्चीत बसून उतरवून घेतले. अर्ध्या तासाच्या आत रणगाडा दिसलाच पाहिजे. हिरोचा आवाज जनरेटरच्या वर गेला पाहिजे. शेवटी आपण जिंकलो पाहिजे. आणि पिक्चर रंगीत पाहिजे. लातूर पॅटर्नमध्ये घडलेल्या पोरांनी काढलेला पेपर असा असतो : पर्याय चार, बरोबर उत्तर एक आणि उत्तरतालिका पेपरच्या आधी बाहेर.

याच बैठकीत कुणी तरी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'चं नाव घेतलं होतं. 1946चा, व्ही. शांतारामांचा. आपल्या शेजारच्या सोलापूरचा डॉक्टर 1938 साली चीनला जातो, जपानी हल्ल्यात जखमी झालेल्यांवर उपचार करतो आणि 1942 साली तिकडेच मरतो. डॉक्टर होण्यासाठी निम्मा मराठवाडा ज्या गावात खोली करून राहतो, तिथं हा सिनेमा चालायला हरकत नव्हती. पण साउंडवाले भाऊ म्हणाले, "त्यात हिरो गोळीच झाडत न्हाई, टाके घालायलाय." ठराव फेटाळला गेला.

'बॉर्डर'वर माझा राग नाही. 13 जून 1997ला तो आला तेव्हा मीही पाहिला आणि जवानांच्या पत्रांच्या गाण्याला डोळे पुसले. लोंगेवालाची लढाई खरी आहे. 4 आणि 5 डिसेंबर 1971च्या मधली रात्र, 23 पंजाबची एक कंपनी, समोर पाकिस्तानी रणगाड्यांची रांग, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी त्या रांगेची केलेली दशा. मात्र प्रत्यक्षात त्या रात्री आपले दोनच जवान गेले. पडद्यावर तेवढ्यानं भागत नाही, म्हणून जे. पी. दत्तांनी बरेच जास्त मारले. सुनील शेट्टीनं ज्याची भूमिका केली तो भैरोसिंग पडद्यावर शहीद होतो; खरे भैरोसिंग राठोड 2022 सालापर्यंत हयात होते. म्हणजे आपल्या मंडपासमोर तुम्ही दरवर्षी त्यांना श्रद्धांजली वाहत होतात, तेव्हा ते तिकडे राजस्थानात जिवंत होते. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं हे गाव. युद्ध राजस्थानातून आणलं तर बिघडलं कुठं?

आता माझी चिठ्ठी, जी खजिनदारांनी उघडून परत घडी घातली. तीवर 'हकीकत' लिहिलं होतं. 1964, चेतन आनंद, काळापांढरा. बलराज साहनी, धर्मेंद्र, जयंत. 1962च्या चीन युद्धातली लडाखमधली एक तुकडी. तिला माघार घ्यायची आहे आणि माघारीची वाटच उरलेली नाही, एवढीच गोष्ट. निकालपत्रात तो चारही विषयांत नापास आहे, मान्य. त्यात भाषणं आहेत, लडाखी मुलीचं प्रेमप्रकरण ओढूनताणून घातलेलं आहे, हेही मान्य. पण थकलेले जवान घरच्यांच्या आठवणीत बुडालेत असं एक गाणं त्यात आहे. रफी, तलत, मन्ना डे आणि तेव्हा अगदी नवखा असलेला भूपिंदर असे चार आवाज, आणि भूपिंदर तर स्वतःच त्या जवानांत बसलेला. कुणी शत्रूचं नाव घेत नाही. घरची बाई आत्ता काय करत असेल, आपण जिवंत आहोत असं तिला वाटत असेल का, एवढाच घोर. आपल्या मंडपात ते लागलं तर पहिल्या रांगेतल्या आज्या पदर डोळ्याला लावतील आणि मागच्या रांगेतले तरुण मोबाइल काढतील. दोघांनाही माझी हरकत नाही.

आणि गंमत बघा, या सिनेमातलं शेवटचं गाणं तुम्हाला तोंडपाठ आहे. कैफी आझमींचे शब्द, मदन मोहनची चाल, रफीचा आवाज. 15 ऑगस्टला सकाळी सातला तुमच्याच कर्ण्यावर ते लागतं. शाळेत त्यावर पोरी तिरंगी ओढण्या घेऊन नाचतात आणि प्रमुख पाहुणे टाळ्या वाजवतात. सिनेमात ते वाजतं तेव्हा डोंगरभर प्रेतं पडलेली असतात. हरलेल्या, मागे राहिलेल्या माणसांचं ते गाणं आहे. गाणं आपण ठेवून घेतलं आणि प्रेतं कापून टाकली.

"हरलेलं युद्ध कशाला दाखवायचं, काका? सणाचे दिवस हायत," असं अध्यक्ष म्हणाले. बरोबर आहे. 1962नंतर यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं, आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला हे वाक्य तुमच्या प्रास्ताविकात दरवर्षी असतं. सह्याद्रीला धावावं का लागलं, ते तेवढं पडद्यावर बघायचं नाही. नांदेडच्या शंकरराव चव्हाणांनीही 1984 साली काही महिने तेच खातं सांभाळलं. त्या खात्याला माणसं पुरवून झाली. आता खातं कशाशी झगडतं ते बघायला रात्रीचे तीन तास काढायला काय हरकत आहे?

हरलेल्याची आठवण ठेवायची नाही म्हणावं, तर तसा आपला स्वभावही नाही. 3 फेब्रुवारी 1760ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते आपल्या जिल्ह्यातल्या उदगीरला. वर्षही पुरं झालं नाही आणि भाऊ पानिपतावर पडले. पण घराघरात कादंबरी वाचली गेली ती त्या हरण्याचीच, विश्वास पाटलांची 'पानिपत'. आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत' 2019ला आला. त्यात उदगीर सुरुवातीलाच येऊन जातं. तेवढ्या वेळात आपले लोक पार्किंगमध्ये गाडी लावत होते.

तरी खरी पंचाईत पुढंच आहे. मुक्तिदिनाला युद्धपट हवा, तर मग मुक्तीचंच युद्ध दाखवा ना! तुमचे सगळे निकष त्यात बसतात. 13 सप्टेंबर 1948ला भारतीय फौजा सोलापूरहून निघाल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि उमरगा घेतलं. रणगाडे होते, विमानं होती, मेजर जनरल चौधरी होते आणि 17 तारखेला निजामानं हात वर केले. त्याआधीचं कथानक तर आयतंच. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करायचा. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला 1946 साली गोविंदराव पानसऱ्यांना ठार मारलं गेलं. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी लढ्याच्या पैशासाठी बँक लुटली, ती 30 जानेवारी 1948ला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. हा योगायोग एखाद्या लेखकानं रचला असता तर निर्मात्यानं 'लईच होतंय' म्हणून कापला असता.

सिद्धार्थ जाधवचा 'रझाकार' 2015ला येऊन गेला, पण तुमच्या यादीत त्याचंही नाव नव्हतं. आणि मला वाटतं, कारण तुम्हाला पुरतं ठाऊक आहे. या युद्धातला शत्रू वाळवंटापलीकडे नाही, तो चार घरं सोडून राहतो. रझाकारांच्या भीतीनं दागिने चुलीखाली पुरून सोलापूरकडे पळालेल्या माणसांच्या गोष्टी आपण ऐकल्यात. आणि त्या लष्करी कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, जे झालं, ते सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलं : मुसलमानांच्या सर्वांत जास्त हत्या झालेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आहे आणि उस्मानाबादही आहे, ज्यात तेव्हा लातूर होतं. तो अहवाल सरकारनं कित्येक दशकं दडपून ठेवला. असा सिनेमा लावला तर मंडपात कुणी कुणाकडे बघून टाळी वाजवायची, हा प्रश्न येईल. मंडळाला वर्गणी दोन्हीकडून येते. त्यापेक्षा लोंगेवाला बरा. तिथलं कुणी आपल्या दुकानावर किराणा घ्यायला येत नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच. 17ला 'बॉर्डर' खुशाल लावा, सनी देओलला आवाज कमी करा म्हणायची माझी छाती नाही. 16च्या रात्री, साउंड टेस्टिंगच्या नावाखाली, पडदा बांधलेलाच असेल तर त्यावर 'हकीकत' लावा. जाहिरात करू नका, प्रमुख पाहुणे नकोत, हार-तुरे नकोत. जे येतील ते येतील. अध्यक्षांच्या मातोश्रींना मी बोलावणार आहे. त्या पोलीस ॲक्शनच्या वेळी आठ वर्षांच्या होत्या आणि 'बॉर्डर' सुरू झाला की दरवर्षी कानात कापूस घालून घरात जाऊन बसतात.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वर्गणीदार (पावती जपून ठेवलेला)

ता. क. : 'हकीकत'ला सबवूफर लागत नाही. एका रात्रीचं भाडं वाचेल, हे कृपया साउंडवाले भाऊ नसताना खजिनदारांच्या कानावर घालावं.