सायनस म्हणे!

वहिनी, जरा इकडे या कुंपणाशी. हळू बोलते, समोरच्या काकूंचे कान फार लांब आहेत. लेकीचं सायनसचं ऑपरेशन झालं असं तुम्ही गल्लीभर सांगितलंत आणि गल्लीनं ते मानलंही. पण मी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून जन्म काढलेली बाई. काल ती गॅलरीत आली, तर नाकावर साचा आणि दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं. सायनस दुर्बिणीतून करतात हो, त्याला वरून साचा कशाला लागतोय? घाबरू नका, माझ्या तोंडून कुठे जायचं नाही. फक्त आमच्या ह्यांना सांगितलंय.

रडतेय? आज चौथा दिवस ना, मग बरोबर आहे. वॉर्डात आम्ही तिसऱ्या-चौथ्या दिवसाला जरा टपूनच असायचो. भुलीचा थकवा असतो, गोळ्यांची गुंगी असते. रात्रभर दोन उशांवर अर्धवट बसून झोपायचं, नाक चोंदलेलं म्हणून तोंडानं श्वास घ्यायचा, जेवणाला चव नाही. सुजेसाठी स्टेरॉइड दिलं असेल तर त्यानंही झोप उडते, मन वरखाली होतं. आणि सूज सगळ्यात जास्त चढते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. अशात आरसा बघितला की ‘हे काय करून बसले’ असं वाटणारच. बहुतेकींचं ते एक-दोन आठवड्यांत ओसरतं.

काय म्हणालात तिला? ‘स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या हौसेनं केलंस, आता रडतेस कशाला?’ अहो वहिनी, तिथंच तर सगळं दुखतंय! अपेंडिक्स काढलेल्याकडे लोक शहाळी घेऊन जातात. हिच्याकडे कोण येणार? हिला साधं कण्हायचीही चोरी.

आणि आपल्यात ही थेरं नव्हती म्हणता, तर तसंही नाही बरं. 1794 साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलं होतं, ते आपल्या पुण्याजवळचंच. कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला बैलांचा हाक्या, टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर बिननाकाचा हिंडला, मग विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नाक करून दिलं. ते वाचून पुढे इंग्रज डॉक्टर शिकले. कबूल, त्याचं कापलेलं होतं आणि हिचं धडधाकट होतं. पण दहावीपासून फोटोत मान वळवून उभी राहणारी पोर तुम्हीही बघितलीत की.

साधारण आठवड्यानं साचा काढतील, त्या दिवशी तुम्ही बरोबर जा. तो दिवस फार वाईट. सगळ्यांना वाटतं, आता नवीन नाक दिसणार. दिसतं काय, तर फुगलेलं, शेंडा वर गेलेलं काहीतरी. ‘अगंबाई’ म्हणू नका. खोटं खोटं ‘किती छान’ही नको, ती लगेच ओळखेल. ‘सूज आहे अजून’ एवढंच म्हणा, कारण ते खरंच आहे. शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्ष जातं, जाड कातडीला त्याहून जास्त. म्हणून तर वर्षाच्या आत सर्जन सहसा दुसऱ्यांदा हात लावत नाहीत.

तोवर सेल्फी बंद! मोबाइल तोंडाजवळ धरला की नाक मोठंच येतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित करून दाखवलं, की फुटभरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्यापेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं. ही पोर दिवसातून पन्नासदा तेच करत असणार. आणि सवय लागायला एकवीस दिवस लागतात असं जो तो सांगतो ना, तेही मूळचं नाकवाल्यांचंच. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं 1960 च्या पुस्तकात लिहिलं होतं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला निदान एकवीसेक दिवस लागतात. निदान! लोकांनी तेवढा शब्द गाळला.

आता खरं सांगा, भाऊ तिच्याशी बोलतात का? वाटलंच मला. ते नाक त्यांच्या आईकडून आलेलं. त्यांना वाटत असेल, पोरीनं आमचं घराणंच कापून टाकलं. मी कितीतरी बाप असे व्हरांड्यात येरझारा घालताना बघितलेत, खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. आणि आत मुलगी समजते, बाबांना आवडलं नाही. दोघंही नाकावर गप्प! भाऊंना म्हणावं, राग आला असेल तर येऊ दे, पण संध्याकाळी दहा मिनिटं तिच्याजवळ बसून क्रिकेटवर बोला. तिला नाकाशिवाय दुसरा विषय हवाय.

आणि वहिनी, हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. दोन-तीन आठवडे उलटूनही ती जेवत नसेल, दिवसभर आरशासमोरच असेल, नाक सोडून हनुवटीत नाहीतर ओठात खोड काढायला लागली असेल, तर पुढचं ऑपरेशन शोधायला देऊ नका. तिच्या सर्जनना सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जगायचं नाही असं एकदा जरी बोलली, तर तीन आठवडे सोडाच, त्याच मिनिटाला तिच्याजवळ बसा आणि 14416 लावा. सरकारची टेली-मानस लाइन आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.